धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर : युद्धाला नकार देणारा शेतकरी

दरवर्षी २१ मे रोजी ख्रिस्तसभेत धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर यांचे स्मरण केले जाते. युरोपात सर्वश्रुत असलेले हे नाव आपल्याकडच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. फ्रान्झ धर्मगुरू नव्हते, संन्यस्त नव्हते आणि ईशज्ञानाचे अभ्यासक तर मुळीच नव्हते. गावच्या शाळेत जेमतेम शिकलेले, गाईगुरे राखणारे, तीन लहान मुलींचे वडील असलेले ते एक प्रापंचिक शेतकरी होते. हिटलरच्या सैन्यात शस्त्र हाती घेण्यास नकार दिला, या एकाच कारणासाठी ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला.

ख्रिस्ती माणसाने युद्धाला पाठिंबा द्यावा काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचे उत्तर देताना काही कसोट्या घालून दिल्या. युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेल्या सत्तेनेच ते पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. या कसोट्यांना उतरणाऱ्या युद्धात लढणाऱ्या सैनिकाला ख्रिस्तसभेने कधी पापी म्हटले नाही. आपल्याही कित्येक कुटुंबांतील मुले सैन्यदलांत आहेत आणि आपण त्यांच्यासाठी मिस्सामध्ये प्रार्थना करतो, ते याच श्रद्धेने. परंतु एक प्रश्न या कसोट्यांच्या आड दडून राहिला. हे विशिष्ट युद्ध न्याय्य आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? राजाने, बिशपांनी, की ज्याच्या हाती बंदूक दिली जाणार आहे त्या साध्या माणसाने? फ्रान्झ यांचे सारे आयुष्य अखेरीस या एका प्रश्नापाशी येऊन थांबले.

त्यांचा जन्म २० मे १९०७ रोजी ऑस्ट्रियाच्या अपर ऑस्ट्रिया प्रांतातील सांक्ट राडेगुंड या खेड्यात झाला. बव्हेरियाच्या सीमेलगतचे हे गाव, वस्ती सुमारे पाचशे. त्याच ब्राउनाउ परिसरात अठरा वर्षांपूर्वी अॅडॉल्फ हिटलर जन्मास आला होता, हा इतिहासाचा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. फ्रान्झ यांची आई रोझालिया हुबर मोलमजुरी करीत असे. दारिद्र्यामुळे तिला बाळाच्या वडिलांशी विवाह करता आला नाही. पुढे ते वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. दुसऱ्याच दिवशी, २१ मे रोजी, बाळाचा बाप्तिस्मा झाला. आजी एलिझाबेथ यांनी नातवाला वाढविले. त्या अत्यंत भाविक होत्या. १९१७ साली आईने हाइनरिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी विवाह केला. त्यांनी फ्रान्झ यांना दत्तक घेऊन आपले नाव व आपली शेती दिली. याच घराण्यातील वडीलधाऱ्यांच्या पुस्तकांमुळे मुलाला वाचनाची गोडी लागली, ती आयुष्यभर टिकली.

तरुणपणीचे फ्रान्झ काही संत नव्हते. १९२७ ते १९३० या काळात ते आयझेनएर्त्झ येथील लोहखाणीत कामाला गेले. तेथे काही काळ त्यांची श्रद्धा डळमळली. परत आले ते स्वतःची मोटारसायकल घेऊन. गावातील ती पहिलीच मोटारसायकल होती. १९३३ साली विवाहाविना त्यांना एक मुलगी झाली. त्या मुलीची जबाबदारी त्यांनी टाळली नाही, पण विवाह झाला नाही. धन्यवादितांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची आपल्याला सवय असते. येथे त्या गाळल्या तर पुढचा माणूस कळणार नाही.

१९३६ साली पवित्र आठवड्यातील गुरुवारी, ९ एप्रिलला, फ्रान्झ व फ्रान्झिस्का श्वानिंगर यांचा विवाह झाला. विवाहानंतर हे दांपत्य थेट रोमच्या यात्रेस निघाले. फ्रान्झिस्का यांची भक्ती फार गाढ होती. दोघे मिळून प्रार्थना करू लागले, पवित्र शास्त्र वाचू लागले. पत्नीने नवऱ्याला बदलले असे गावकरी पुढे म्हणत, आणि कित्येक जण ते तक्रारीच्या सुरात म्हणत. रोझालिया, मारिया व आलोइसिया अशा तीन मुली १९३७ ते १९४० या काळात जन्मल्या. नांगरणी, गुरांची देखभाल, मुलींना खेळविणे आणि सकाळची मिस्सा असा त्यांचा दिनक्रम होता. गरिबांना ते घरचे धान्य देत.

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. १० एप्रिल रोजी विलीनीकरणावर सार्वमत घेण्यात आले. त्यापूर्वी कार्डिनल इनित्सर व ऑस्ट्रियातील बिशपांनी श्रद्धावंतांना विलीनीकरणाच्या बाजूने मत देण्याचे आवाहन करणारे निवेदन प्रसिद्ध केले होते. वास्तविक १९३७ साली पोप अकरावे पायस यांनी जर्मन भाषेतील आपल्या परिपत्रकातून नाझी विचारसरणीचा खरपूस समाचार घेतला होता. लिंत्झचे बिशप योहानेस ग्फ्योलनर यांनीही १९३३ मध्येच खरा कॅथोलिक नाझी असू शकत नाही असे स्पष्ट केले होते. फ्रान्झ यांना हे ठाऊक होते. एका धर्मपत्रात शिकविलेली गोष्ट पुढच्या धर्मपत्रात खोटी कशी ठरते, हे त्यांना उमगेना. त्या दिवशी सांक्ट राडेगुंडमध्ये विरोधी मत एकच पडले, ते फ्रान्झ यांचे. गावाचा निकाल मात्र शंभर टक्के अनुकूल म्हणून कळविण्यात आला. तत्पूर्वी त्यांना गावच्या महापौरपदाची विचारणा झाली होती, ती त्यांनी नाकारली. नव्या राजवटीकडून मिळणारा कुटुंबभत्ता घेतला नाही. गारपिटीने पीक गेले तेव्हाची सरकारी मदतही घेतली नाही. गरज नव्हती असे नाही. त्या हातून काही घ्यावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले होते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. फ्रान्झ यांनी पहिल्याच हाकेला नकार दिला नाही. जून १९४० मध्ये त्यांना ब्राउनाउ येथे बोलावण्यात आले व ते गेले. काही दिवसांतच महापौरांच्या शब्दावर परतले. ऑक्टोबर १९४० मध्ये पुन्हा बोलावणे आले. एन्स येथे त्यांनी वाहनचालकाचे प्रशिक्षण घेतले आणि त्याच गावी ८ डिसेंबर रोजी संत फ्रान्सिस यांच्या तृतीय संघात प्रवेश केला. एप्रिल १९४१ मध्ये शेतीसाठी आवश्यक म्हणून त्यांची सुटका झाली. म्हणजे सैनिकी गणवेश त्यांनी अंगावर चढविला होता, शपथही घेतली होती. त्या बराकींत माणसांना मिळणारी वागणूक त्यांनी पाहिली आणि त्याच सुमारास मनोरुग्णांना ठार मारले जात असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. घरी परतले तेव्हा त्यांचा निश्चय झाला होता. पुन्हा बोलावणे आले तर आपण लढणार नाही.

पुढची दोन वर्षे ते गावच्या चर्चमध्ये सॅक्रिस्टन म्हणून सेवा करीत होते. रोज ख्रिस्तशरीर स्वीकारीत. अंत्यविधीच्या वेळी सॅक्रिस्टनला देण्याची रूढ रक्कम ते घेत नसत. त्यांचे धर्मग्रामाधिकारी फादर योझेफ कारोबाथ यांना एका प्रवचनाबद्दल १९४० मध्येच अटक होऊन जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले होते. रात्री दिव्यापाशी बसून फ्रान्झ वह्यांतून आपले विचार लिहीत. त्यात व्याकरणाच्या चुका आहेत. विचारांची बैठक मात्र कोणाही पंडिताने दखल घ्यावी अशी आहे.

त्या काळी कॅथोलिक श्रद्धावंतांच्या मनाला सर्वांत भिडणारा युक्तिवाद असा होता की रशियाविरुद्धचे युद्ध हे देवहीन बोल्शेविकांविरुद्धचे युद्ध आहे. म्हणजे राजवट नाझी असली तरी लढा श्रद्धेच्या रक्षणाचा. अनेक धर्मनिष्ठ माणसे याच समाधानाने आघाडीवर गेली. फ्रान्झ यांनी या युक्तिवादाला शेतकऱ्याच्या सरळ नजरेने तपासले. आपण बोल्शेविक विचाराशी लढतो आहोत की रशियन माणसांशी? की त्यांच्या खनिजांसाठी, तेलविहिरींसाठी, सुपीक गव्हाच्या जमिनींसाठी? मिशनरी एखाद्या देशात श्रद्धा घेऊन जातात तेव्हा बॉम्ब घेऊन जातात काय? आपल्याच देशात श्रद्धेचा छळ करणारी सत्ता दुसऱ्या देशात श्रद्धेचे रक्षण कसे करील? हे प्रश्न त्यांनी १९४२ च्या सुमारास लिहून ठेवले आहेत. प्रत्येक युद्ध पाप आहे असा सिद्धांत मांडण्याचा त्यांचा खटाटोप नव्हता. हे युद्ध लुटीचे आहे, आणि लूट ती लूटच, मग आज्ञा कोणाचीही असो, एवढेच ते म्हणत होते.

त्यांनी हा निर्णय एकट्याच्या हट्टाने घेतला, असे मात्र नाही. ते सल्ला घेत फिरले. गावातील तरुण धर्मगुरू फादर फर्डिनांड फ्युर्टहाउअर यांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. फादर कारोबाथ यांनीही सुटकेची वाट सुचविली. आईने विनवण्या केल्या. नातेवाइकांनी मुलींची शपथ घातली. अखेरीस फ्रान्झ लिंत्झला धर्मप्रांताचे तत्कालीन बिशप योझेफ फ्लीसर यांना भेटले. फ्रान्झिस्का बाहेरच्या खोलीत थांबल्या होत्या. बिशपांनी त्यांना समजावले की कुटुंबाची जबाबदारी हे त्यांचे पहिले कर्तव्य आहे, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याचा भार सामान्य नागरिकावर नाही, तो राज्यकर्त्यांवर आहे. फ्रान्झ बाहेर आले ते खिन्न होऊन. आपण कोणी हेर असू असा संशय बिशपांना आला असावा, असे त्यांना वाटले.

बिशप फ्लीसर यांना दोष देणे आज सोपे आहे. समोर बसलेला अनोळखी माणूस, गेस्टापोची दहशत, धर्मगुरूंना होणाऱ्या अटका, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय त्यांनी सांगितले ते काही पाखंड नव्हते. शेकडो वर्षे नीतिशास्त्राच्या पुस्तकांत तेच शिकविले जात होते. शंका असेल तर प्रजेने सत्तेवर भार टाकावा. फ्रान्झ यांचे म्हणणे असे की मला शंका नाही, मला खात्री आहे. आणि खात्री असताना डोळे मिटून घेण्याची मुभा कोणता बिशप देऊ शकतो? माझ्या मते बिशपांच्या त्या उत्तरात दयाभाव होता. पण ज्या प्रश्नासाठी हा माणूस इतक्या दूर आला होता, त्याला ते उत्तर नव्हते.

फ्रान्झिस्का यांनीही आरंभी पतीची मनधरणी केली. नंतर त्यांच्या लक्षात आले की सगळेच त्यांच्या विरोधात आहेत, आपणही विरोधात गेलो तर त्यांच्या बाजूने कोणीच उरणार नाही. त्या गप्प राहिल्या आणि त्यांच्यासोबत राहिल्या. या मौनाची किंमत त्यांनी पुढे अनेक वर्षे मोजली.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तिसरे बोलावणे आले. १ मार्च रोजी एन्स येथे हजर होऊन फ्रान्झ यांनी नकार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी लिंत्झच्या लष्करी तुरुंगात झाली. रुग्णसेवक म्हणून जखमींची शुश्रूषा करण्यास आपण तयार आहोत, असे त्यांनी कळविले. ते मान्य झाले नाही. ४ मे रोजी त्यांना बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलविण्यात आले आणि ६ जुलै १९४३ रोजी राइशच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. आरोप होता सैन्याची लढाऊ शक्ती खच्ची केल्याचा. एकाच वेळी नाझी व कॅथोलिक असणे आपल्याला शक्य नाही, माणसांपेक्षा देवाची आज्ञा अधिक पाळली पाहिजे, अशी त्यांची भूमिका त्या निकालपत्रातच नोंदलेली आहे. ज्यांनी त्यांना मारले त्यांनीच त्यांची साक्ष जपून ठेवली!

बर्लिनमध्ये असताना तुरुंगातील धर्मगुरूंकडून त्यांना कळले की एक वर्षापूर्वी फादर फ्रान्झ राइनिश या पॅलोटाइन धर्मगुरूंनी हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारली होती व त्यांना त्यासाठी मृत्यू पत्करावा लागला होता. म्हणजे आपण एकटे नाही. ख्रिस्तसभेतील एका धर्मगुरूलाही हेच दिसले होते. या वार्तेने त्यांना मोठा दिलासा मिळाला. जुलैमध्ये फ्रान्झिस्का व फादर फ्युर्टहाउअर यांना त्यांची भेट घेण्याची परवानगी मिळाली. भेट वीस मिनिटांची होती. तुरुंगात त्यांच्यापर्यंत तीन मुलींचे एक छायाचित्र पोहोचले होते. बाबांनी लवकर घरी यावे अशी विनंती लिहिलेली पाटी त्या मुली त्यात धरून उभ्या आहेत. ते छायाचित्र आजही उपलब्ध आहे. ते पाहिल्यावर फ्रान्झ यांचा निर्णय सोपा होता असे कोणीही म्हणणार नाही, आणि तो योग्यच होता असे चटकन म्हणण्याचाही धीर होणार नाही.

९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांना ब्रान्डेनबुर्ग येथे नेण्यात आले. दुपारी चार वाजता गिलोटिनखाली त्यांचा अंत झाला. वय अवघे छत्तीस. अखेरच्या तासांत फादर योखमान त्यांच्यासोबत होते. या माणसाची शांतता पाहून आपल्या आयुष्यात आपल्याला एक संत भेटला, असे त्यांनी तेथील धर्मभगिनींजवळ सांगितले. त्याच भगिनींनी अस्थिकलशाची जागा लक्षात ठेवली. युद्ध संपल्यानंतर १९४६ साली अस्थी सांक्ट राडेगुंडला आणून चर्चच्या भिंतीलगत दफन करण्यात आल्या.

गावाने त्यांचे स्वागत केले असेल, अशी कोणाची समजूत होईल. तसे झाले नाही. गावातील कित्येक मुलगे, नवरे, बाप रणांगणावर पडले होते. फ्रान्झ यांचा नकार बरोबर म्हणावा तर ह्या सर्वांचे मरण कशासाठी होते? या प्रश्नाचा सल इतका खोल होता की युद्धस्मारकावर फ्रान्झ यांचे नाव घालण्यासही आधी विरोध झाला. सासूने फ्रान्झिस्का यांना दोषी धरले. युद्धातील विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन त्यांना १९५० पर्यंत नाकारले गेले, कारण त्यांचा नवरा सैनिक म्हणून मेला नव्हता. शेती त्यांनी एकटीने केली. पतीच्या पश्चात चर्चमधील सॅक्रिस्टनचे कामही त्यांनीच पत्करले. १९४६ मध्ये लिंत्झच्या धर्मप्रांतीय पत्रात फ्रान्झ यांच्यावर लेख छापण्याची सूचना आली, तेव्हा बिशप फ्लीसर यांनी ती मान्य केली नाही. आपले कर्तव्य समजून प्रामाणिकपणे लढताना मरण पावलेले तरुण हेच त्यांच्या दृष्टीने मोठे आदर्श होते. त्या तरुणांच्या आईवडिलांचा विचार करता बिशपांची अडचण कळू शकते. फ्रान्झ यांनी स्वतः त्या तरुणांना कधीच दोषी ठरविले नव्हते, ही गोष्टही विसरता येत नाही.

पुढे गॉर्डन झान या अमेरिकन कॅथोलिक समाजशास्त्रज्ञाच्या हाती ही कथा लागली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्वतः सद्विवेकबुद्धीला स्मरून सैनिकी सेवा नाकारली होती. त्यांनी गावात जाऊन माणसांशी बोलून लिहिलेले चरित्र १९६४ साली प्रसिद्ध झाले. आणि येथे या कथेचा धागा आपल्या मुंबईशी जोडला जातो. १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप असलेले येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स यांनी आपल्या जागी भारतीय आर्चबिशप यावेत म्हणून १९५० साली पद सोडले आणि त्यांच्यामागून वालेरियन ग्रेशस त्या पदावर आले. वसईचे धर्मग्राम त्या वेळी मुंबई महाधर्मप्रांतातच होते. आपल्या आजीआजोबांपैकी अनेकांना दृढीकरण संस्कार रॉबर्ट्स यांच्या हस्तेच मिळाला असेल. युद्धकाळात सैनिकांच्या आध्यात्मिक सेवेची जबाबदारीही या आर्चबिशपांनी सांभाळली होती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, १९६५ साली, त्यांनीच लेखी निवेदनाद्वारे फ्रान्झ येगरश्टेटर यांची कहाणी जगभरच्या बिशपांपुढे मांडली. अशा माणसाला त्याच्या धर्माधिकाऱ्यांचा आधार मिळाला नाही. यापुढे तरी ख्रिस्तसभेने असा आधार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात त्या आग्रहाचा परिणाम दिसतो. सद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांसाठी देशांच्या कायद्यांत माणुसकीची तरतूद असावी, असे विश्वपरिषदेने म्हटले. त्याच परिच्छेदात देशरक्षणासाठी सैन्यात सेवा करणाऱ्यांचाही शांतीचे सेवक म्हणून आदराने उल्लेख आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात न्याय्य युद्धाच्या कसोट्या पुन्हा दिल्या आहेत आणि त्यांचा निवाडा सार्वजनिक हिताची जबाबदारी असणाऱ्यांनी करावा असे म्हटले आहे. बिशप फ्लीसर यांना हे वाक्य आपल्याच बाजूचे वाटले असते. पण नैतिक नियमांविरुद्धची आज्ञा नागरिकाने पाळू नये, असेही त्याच ग्रंथात अन्यत्र स्पष्ट आहे, आणि फ्रान्झ यांनी त्यावर बोट ठेवले असते. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकात आणखी पुढे जाऊन आजच्या संहारक शस्त्रांच्या काळात न्याय्य युद्धाची जुनी भाषा वापरणे फार कठीण झाले आहे, असे प्रतिपादन केले. हा वाद ख्रिस्तसभेत अजून मिटलेला नाही.

७ मे १९९७ रोजी बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झ यांच्यावरील मृत्युदंडाचा निकाल रद्द ठरविला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत, लिंत्झच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्या शहरात बिशपांनी त्यांना परत पाठविले होते, तेच हे शहर. त्या सोहळ्यात चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्का आपल्या मुलींसह उपस्थित होत्या. पतीचा पवित्र अवशेष बिशपांच्या हाती देण्यापूर्वी त्यांनी त्याचे चुंबन घेतले. १६ मार्च २०१३ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यानंतर बाराच दिवसांनी, त्यांनी शेवटचा श्वास घेतला.